इंचाला किती

पॉलिटेक्निकच्या शेडमध्ये, लेथच्या मागे,
ताडपत्रीखाली ते बसलेलं असायचं.
चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा,
कंपनीची पाटी कुणीतरी छिन्नीनं उचकटलेली.
भंगारातून आलं होतं, वजनावर.
पावती चिलवेरी मास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली.

मे महिना, बाहेर त्रेचाळीस.
मास्तर म्हणाले, हे वाऱ्यानं थंड होतं.
होटगीचा रेवणसिद्ध हसला :
सर, सोलापुरात?

मास्तर हसले नाहीत.
पाणी घेऊन उडायचं तर टाकी आली, नळ्या आल्या.
नळीला एक गोळी, की पाच मिनिटांत इंजिन जाम.
वाऱ्याला गोळी लागत नाही.

मग सिलिंडरच्या पात्यांवरून नख ओढलं.
आवाज झाला, फणीवरून ओढल्यावर होतो तोच.
सुरुवातीला इंचाला पाच पाती, म्हणाले, जाड, ओतीव.
तापायचं. मग आठ केली.
त्याहून दाट साच्यातून येईनात,
तेव्हा अख्ख्या ठोकळ्यात खाचा कोरत गेले,
पाती पत्र्याएवढी पातळ होईपर्यंत.

वडील साखर पेठेत मागावर. फणीला इंचाला किती घरं
ते डोळे मिटून सांगायचे, लुगड्याला बोट लावून.
मास्तरांना युद्धात बंगळूरला घेतलं ते त्याच बोटांवर.
साहेबानं भिंग पुढं केलं,
हे म्हणाले, नको.

मागची रांग जळायची.
पुढच्या सातांच्या आड तिला वारा मिळायचा नाही,
मिळाला तरी दुसऱ्यांच्या अंगावरून आलेला, ऊनऊन.
तिकडे कुणीकुणी त्यावर दोन हिवाळे घालवले.
शेवटी सिलिंडरांच्या मध्ये वाकवलेले पत्रे बसवले,
वाऱ्याला सांगायला, सरळ पळू नकोस, इकडून वळ.
व्हॉल्वचे देठ पोकळ करून आत सोडियम भरलं.
त्या दोन हिवाळ्यांत किती पोरं,
म्हणाले मास्तर, आणि वाक्य तिथंच ठेवून
रुमालानं ग्रीस पुसत बसले.

एका रांगेचा पेटायचा क्रम घोकून घेतला :
एक तीन पाच सात, दोन चार सहा.
एक सोडून एक. सम आकडा चालत नाही,
तेच ते पेटत राहतात, उरलेले कोरडे.
विषम असला की राहिलेले दुसऱ्या फेरीत येतात.
धोटा जाताना एक धागा वर, एक खाली,
येताना उलट. यात नवीन काय?
निम्म्या वर्गाच्या घरी माग होते. कुणी काही बोलणार,
तेवढ्यात मिलचा भोंगा झाला,
आणि तो संपेपर्यंत मास्तर थांबले, सवयीनं.

वर्गात मी एकटी मुलगी,
म्हणून हत्यारं मोजून ठेवायचं काम माझ्याकडे.
सगळे गेल्यावर ते दांडा हातानं दोन फेरे फिरवायचे.
खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं,
चालू करण्याआधी फिरवून घ्यावं लागतं.
चालू कुणीच करणार नव्हतं.
एका शनिवारी, पाठ माझ्याकडे ठेवून, म्हणाले :
मागच्या रांगेत, तळाला, एका पात्याला केसाएवढी चीर.
बोटाला लागली होती.
दिवसाला तीन इंजिनं द्यायची होती, यन्नम.
मी कार्डावर सही केली.
ते ब्रह्मदेशाकडं गेलं.
परत आलं का, हे विचारण्याइतका माझा हुद्दा नव्हता.

मी पाने मोजत राहिले. बावीसचा सापडेना.

मास्तर गेले, शेडचा लिलाव झाला.
एक सिलिंडर मी उचललं, चौदा किलोच्या भावानं.
खिडकीत ठेवलंय. दुपारच्या झळा लागल्या की
पात्यांमधून बारीक शीळ येते.
रात्री कधी त्यावर बोट ठेवते.
एक, दोन, तीन, अकरापर्यंत नीट जातं,
मग घसरतं.
पुन्हा पहिल्यापासून.